वादळातले वाली

मे महिना सरत आला की भिलाईत एखाद्या दुपारी पश्चिमेकडचे आभाळ एकाएकी मातकट होते. धुळीचा लोट उठतो, क्वार्टर्सच्या खिडक्या धाडधाड आपटू लागतात, दोरीवरचे कपडे आणि गच्चीवरचे पापड गोळा करायला बायकांची एकच धांदल उडते. मग वीज, गारा आणि पाऊस. पोलाद कारखान्याच्या धुराड्यांमागे वीज लखलखली की घराघरांत ज्याला त्याला आपापला वाली आठवतो.

हे गाव तसे सगळ्या देशाचे. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कामासाठी कानाकोपऱ्यांतून माणसे आली. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली तसे देवही आणले. केरळकडच्या हिंदू घरातली आजी विजेच्या कडकडाटात अर्जुनाची दहा नावे म्हणते. मराठी घरात कोणी रामरक्षा सुरू करते. आणि जुन्या वळणाच्या कॅथलिक घरात संत बार्बरेचे नाव निघते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली, वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवलेली पात अशा वेळी बाहेर काढायची आणि तिचा तुकडा जाळायचा, ही रीत युरोपातल्या खेड्यांपासून चालत आलेली आहे.

बार्बरेची आणि भिलाईची आणखी एका वाटेने गाठ पडते, पण त्यासाठी आधी तिची गोष्ट सांगायला हवी. कथेप्रमाणे ती एका श्रीमंत मूर्तिपूजकाची देखणी मुलगी. तिच्यावर कोणाची नजर पडू नये म्हणून बापाने तिला मनोऱ्यात कोंडून ठेवले. तिथे तिने गुपचूप ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि स्नानगृहाला दोन खिडक्या ठेवायचे ठरले असताना गवंड्यांना सांगून तिसरी पाडून घेतली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांची ती खूण. बापाला हे कळले तेव्हा त्याने तिला न्यायाधीशापुढे उभे केले आणि शेवटी स्वतःच्याच हाताने तिचा शिरच्छेद केला. घरी परतताना वाटेतच त्याच्यावर वीज पडली.

एवढ्यावरून बार्बरा विजेपासून राखणारी झाली. पुढे बंदुकीची दारू आली. तिचा स्फोट आकाशातल्या विजेसारखाच, म्हणून तोफखान्यातले गोलंदाज तिला मानू लागले. दारूचे सुरुंग लावून खाणी खोदायला सुरुवात झाली तेव्हा खाणकामगारांनीही तिला आपली म्हटले. युरोपातल्या कितीतरी खाणींच्या तोंडाशी तिची मूर्ती असते आणि ४ डिसेंबरला तिचा सण होतो. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येते. म्हणजे डोक्यावरची वीज असो की डोंगरातला सुरुंग, भिलाईकरांची दोन्ही खाती या एकाच बाईकडे!

अशी खाती संतांना कोण वाटून देते, असा प्रश्न इतर धर्मीयांना नेहमी पडतो. रोममध्ये त्याचे कार्यालय असेल, अशीही अनेकांची समजूत असते. संतपद जाहीर करण्याची पद्धत रोममध्ये आहे, आणि ती फार कडक आहे. अलीकडच्या काळात काही व्यवसायांना पोपनी अधिकृतपणे आश्रयदाते संत नेमूनही दिले. पण वादळ, वीज आणि पूर यांचे वाली लोकांनी स्वतःच निवडलेले आहेत, आणि ते ज्या त्या संताच्या गोष्टीवरून. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे संत स्वतः काही देत नाही, तो देवापाशी रदबदली करतो. मोठ्या साहेबाकडे थेट जायला जीभ रेटत नाही तेव्हा माणूस ओळखीच्या हेडक्लार्कला गाठतो, तसे हे आहे. आणि ओळख कशाची, तर समान दुःखाची. जो बुडाला तो बुडणाऱ्याचे ऐकेल, एवढा साधा हिशेब.

पुराच्या संतांकडे पाहिले की हे चटकन ध्यानात येते. ऑस्ट्रियातला संत फ्लोरियन हा रोमन सैन्यातला अधिकारी. इसवी सन ३०४ च्या सुमारास ख्रिस्ती असल्याबद्दल गळ्यात दगड बांधून त्याला एन्स नदीत बुडवण्यात आले. आज तो आगीपासून आणि पुरापासून रक्षण करतो. प्रागचा जॉन नेपोमुक हा धर्मगुरू. राणीने पापनिवेदनात काय सांगितले ते राजाला सांगायला त्याने नकार दिला, अशी आख्यायिका आहे. इतिहासात एवढे पक्के आहे की १३९३ मध्ये राजा वेन्सेस्लास चौथा याने त्याला व्हल्टावा नदीत फेकून मारले. १७२९ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि मध्य युरोपात पुलापुलावर त्याचे पुतळे उभे राहिले. पुराचे पाणी चढू लागले की लोक त्याच्याकडे पाहतात. त्याने तोंड उघडले नाही म्हणून चहाडी आणि बदनामीपासूनही तोच वाचवतो! चाळीत राहणाऱ्यांना हा संत अधिक उपयोगी पडावा.

त्याहून जुना ग्रेगरी, तिसऱ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातला. त्याच्या भागातली लायकस नदी दरवर्षी शेते बुडवायची. त्याने काठावर आपली काठी रोवली आणि नदीला सांगितले की हिच्यापुढे यायचे नाही. काठीला पालवी फुटली, तिचा वृक्ष झाला आणि नदी आपल्या मर्यादेत राहिली, असे त्याच्या चरित्रात आहे. पुराच्या पाण्यात खणनारळ सोडून नदीची ओटी भरणाऱ्या आपल्या आयाबायांना ही गोष्ट मुळीच परकी वाटणार नाही. नदी माणसासारखी समजूत घालण्याजोगी आहे, ही श्रद्धा कृष्णाकाठी आणि लायकसकाठी एकच.

वादळाच्या गोष्टींतली सगळ्यांत गोड गोष्ट मात्र संत स्कोलास्टिकाची. ती संत बेनेडिक्टची बहीण, दोघेही संन्यस्त. वर्षातून एकदा भेटायचे. अशाच एका भेटीत संध्याकाळ झाली. बहीण म्हणाली, आजची रात्र थांब, बोलत बसू. भाऊ नियमाचा पक्का, रात्री मठाबाहेर राहायचे नाही म्हणून उठला. तिने काही न बोलता टेबलावर हात जोडले आणि मान खाली घातली. निरभ्र आकाशातून असे वादळ कोसळले की भावाला दाराबाहेर पाऊल टाकता येईना. हे काय केलेस, असे त्याने विचारले. तुला विनवले, तू ऐकले नाहीस, देवाला विनवले, त्याने ऐकले, असे तिचे उत्तर. रात्रभर दोघे बोलत बसले. तीन दिवसांनी ती वारली. तिचा सण १० फेब्रुवारीला येतो. वादळ आणणारी ही बाई वादळापासून वाचवणारीही मानली जाते. भाऊबिजेला घाईघाईने ओवाळून घेऊन गाडी पकडायला निघणाऱ्या भावांनी तिची आठवण ठेवायला हरकत नाही.

या सगळ्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हा प्रश्न खुद्द चर्चनेही विचारला आहे. १९६९ मध्ये रोमने आपले सणांचे कॅलेंडर तपासले तेव्हा बार्बरेचा सण आणि ख्रिस्तोफरचा सण सर्वसाधारण कॅलेंडरातून वगळण्यात आला. बार्बरेच्या बाबतीत तर ऐतिहासिक पुरावा जवळजवळ नाहीच. बालख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड ख्रिस्तोफर हाही बराचसा आख्यायिकेतलाच. तेव्हा वर्तमानपत्रांतून या संतांना ‘काढून टाकले’ अशा बातम्या आल्या. तसे झाले नव्हते. सण जगभर सक्तीने पाळायचा नाही, ज्याला भक्ती करायची त्याने करावी, एवढाच त्याचा अर्थ होता. ड्रायव्हर लोकांनी ख्रिस्तोफरचे पदक गाडीत ठेवायचे सोडले नाही आणि खाणकामगारांनी ४ डिसेंबर सोडला नाही.

भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी दक्षिणेकडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांबरोबर वेलांकण्णीची माता इथवर येते, आणि ती मुळात समुद्राच्या वादळातलीच. मकाऊहून कोलंबोकडे निघालेले पोर्तुगीज व्यापाऱ्यांचे जहाज बंगालच्या उपसागरात वादळात सापडले. त्यांनी मरियेला नवस केला की जिथे सुखरूप पाय लागतील तिथे तुझे चर्च बांधू. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्माच्या सणादिवशी, ते वेलांकण्णीच्या किनाऱ्याला लागले. तिथे आधीपासून तिची एक साधी झोपडीवजा प्रार्थनागृह होती, तिच्या जागी त्यांनी पक्के चर्च उभारले. सतराव्या शतकातली ही कथा.

आपल्या किनाऱ्यावर वांद्र्याची मोत माउली आहे. १७३८-३९ च्या मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या धामधुमीत टेकडीवरचे देवालय मोडले, मूर्ती समुद्रात गेली आणि पुढे मासेमारी करणाऱ्या कोळ्यांना सापडली, असे सांगतात. १७६१ मध्ये ती पुन्हा टेकडीवर आली. आजची इमारत १९०४ मधली. सप्टेंबरच्या जत्रेत तिथे मेणाचे हात, पाय, घरे विकत मिळतात, आणि नवस फेडायला येणाऱ्यांत कॅथलिकांइतकेच हिंदू असतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहणारा कोळी माउलीलाही मेणबत्ती लावतो, त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. गोव्यात २९ जूनला, भर पावसाळ्यात, कांदोळीचे मच्छीमार दोन होड्या एकत्र बांधून सांगोड करतात आणि त्यावर संत पीटरचा सण साजरा करतात. पीटर स्वतः मासे धरणारा. ख्रिस्ताकडे पाण्यावरून चालत जायला निघाला आणि वारा पाहून घाबरून बुडू लागला. समुद्रावर जाणाऱ्यांना हाच जवळचा वाटला, यात नवल नाही.

फ्रान्सिस झेवियरची खेकड्याची गोष्टही या किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. १५४६ मध्ये मोलुक्का बेटांजवळ वादळात त्याने गळ्यातला क्रूस समुद्रात बुडवला, तो हातातून निसटला, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांगीत धरून परत आणून दिला. पाठीवर क्रुसासारखे चिन्ह असलेला खेकडा आपल्या बाजारातही येतो. त्याच्या पाठीवरची खूण त्याच उपकाराची, असे मानणारी कुटुंबे आहेत. त्यांतली काही तो खातात, काही खात नाहीत.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीसमध्ये डायगोरस नावाचा एक नास्तिक होता. वादळातून वाचलेल्यांनी देवळात टांगलेल्या नवसाच्या तसबिरी दाखवून त्याच्या मित्राने विचारले, एवढे पाहून तरी तुझी देवावर श्रद्धा बसत नाही का? तो म्हणाला, जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठे आहेत? सिसेरोने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

बुडालेल्यांच्या तसबिरी नसतात, पण नोंदी असतात. मे १६१८ मध्ये वसईवर असे चक्रीवादळ आले की संध्याकाळपर्यंत समुद्र शहर गिळणार असे लोकांना वाटले. माड हजारोंनी पडले, गलबते बुडाली. वसई तेव्हा पोर्तुगीजांची, चर्च आणि मठ यांनी गजबजलेली. त्या रात्री शहरातल्या तीन मोठ्या चर्चची आणि जेझुइटांच्या कॉलेजची छपरे उडून गेली. जिथे प्रार्थना चालली होती तीच छपरे. पुढे पाऊस हुकला, दुष्काळ पडला, आणि पोटची मुले विकण्याची पाळी आईबापांवर आली. तेव्हा जेझुइटांनी आपल्या तुटपुंज्या शिधातून वाचवून आणि श्रीमंतांकडून मागून आणून त्या मुलांना वाचवले, असे जुने वृत्तान्त सांगतात.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, वेलांकण्णी यात्रेकरूंनी भरलेली होती. त्सुनामीच्या लाटांनी किनाऱ्यावरची दुकाने आणि माणसे ओढून नेली. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. महामंदिरात मात्र पाणी शिरले नाही. काहींनी त्याला चमत्कार म्हटले. ज्यांची माणसे वाळूवर गेली त्यांना ते ऐकून काय वाटले असेल? मंदिर थोड्या उंचावर आणि थोडे आत आहे, एवढे म्हणून थांबणेच बरे. भक्तीचा अपमान होत नाही, आणि गेलेल्यांचाही.

संताचे नाव घेतल्याने अपाय झाला, असेही घडलेले आहे. विजेच्या वेळी चर्चच्या घंटा वाजवाव्यात, आशीर्वादित घंटेच्या नादाने वादळ फुटते, असा युरोपात शतकानुशतके समज होता. गावातला सगळ्यांत उंच मनोरा, त्यात धातूची घंटा, ओली दोरी आणि ती ओढणारा माणूस! १७८४ मध्ये म्युनिकला प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात ३३ वर्षांचा हिशेब दिला आहे. त्या काळात ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले. इटलीत ब्रेशिया इथे १७६९ मध्ये संत नाझारोच्या नावाच्या बुरुजावर वीज पडली. आत दारूगोळा साठवलेला होता. शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे मेली. बेंजामिन फ्रँकलिनचा पतंगाचा प्रयोग १७५२ मधला, वीज जमिनीत उतरवणारी सळई तोवर माहीत झाली होती. तरी ती मनोऱ्यावर बसवायला अनेक ठिकाणी विरोध झाला, कारण देवाचा कोप अडवणारे आपण कोण! शेवटी चर्चनेच मनोऱ्यांवर सळया बसवल्या. आज क्रुसाच्या शेजारी सळई दिसली तर कोणाला काही वाटत नाही.

भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि छत्तीसगड हे ज्या राज्यांत ती अधिक पडते त्यांपैकी एक. मरणारे बहुतेक शेतात किंवा झाडाखाली सापडलेले असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल अॅप तयार केले आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते आधी सांगते. पात जाळणाऱ्या आजीने ती खुशाल जाळावी. नातवाला झाडाखालून घरात तिनेच बोलवायचे आहे, आणि बहुतेक आज्या दोन्ही कामे करतात.

समुद्रावर हे दोन्ही जुळवणे अधिक कठीण असते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळ कन्याकुमारीजवळ उठले. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारी या पट्ट्यातले मच्छीमार बहुतांशी कॅथलिक. त्यांच्या बोटींवर मरियेची आणि संतांची नावे असतात. ते आठवडा आठवडा खोल समुद्रात राहतात. ३० नोव्हेंबरला वादळ जाहीर झाले तेव्हा अनेक बोटी कधीच निघून गेल्या होत्या, आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचवायला साधन नव्हते. तीनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. किती जण परतले नाहीत याची यादी गावोगावच्या चर्चमधून, घरोघर विचारून तयार झाली, आणि सरकारी आकड्यांपेक्षा ती मोठी निघाली. त्यानंतर किनाऱ्यावर मागणी झाली ती नव्या नवसाची नव्हे. खोल समुद्रात ऐकू येईल असा इशारा द्या, वेळेवर द्या, असे फादर आणि मच्छीमार एकत्र उभे राहून म्हणाले. उपग्रहावरून संदेश घेणारी ‘नाविक’ उपकरणे पुढे बोटींना देण्यात आली.

त्याच वादळात भरकटलेल्या ६८ बोटी डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत आपल्या सिंधुदुर्गात, देवगडच्या बंदरात लागल्या. त्यांत ९५२ मच्छीमार होते. दोन बोटी तमिळनाडूच्या, बाकी केरळच्या. भाषा कळत नव्हती, पण खाण्यापिण्याची सोय झाली, घरी फोन लावून देण्यात आले. ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियरचा सण असतो, आणि कन्याकुमारीकडच्या कोट्टार धर्मप्रांताचा तो पालक संत. दुसऱ्या दिवशी बार्बरेचा. मच्छीमारांच्या गावांतल्या चर्चमध्ये त्या दोन्ही दिवशी दिवसरात्र माणसे बसून होती. काही बायकांना फोन आले होते, काही जणी अजून वाट पाहत होत्या.